जुन्या संगणकावर कोणता ब्राउझर घ्यावा?

घरातील आठ-दहा वर्षांपूर्वीचा संगणक चालू होतो, त्यावर पत्र टाइप होते, छपाई होते; मात्र इंटरनेटवरील एखादे पान उघडले की पंखा घरघरू लागतो आणि माउसचा बाण जागच्या जागी थबकतो. अशा वेळी बहुतेक जण 'सर्वांत हलका ब्राउझर कोणता' याचा शोध घेऊ लागतात. हा प्रश्न रास्त असला तरी त्याचा क्रम दुसरा आहे. आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आज कोणत्या ब्राउझरला सुरक्षा अपडेट मिळत आहेत, हे आधी पाहावे लागते; त्यातून जे दोन-तीन ब्राउझर उरतात, त्यांच्यातच वेगाची तुलना करण्यात अर्थ असतो.

शिवाय 'हलका ब्राउझर' ही कल्पना बरीचशी फसवी आहे. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्डी ही नावे वेगवेगळी असली तरी त्या सर्वांच्या पोटात क्रोमियम हे एकच मूळ सॉफ्टवेअर आहे. एकाच चासिसवर निरनिराळ्या बॉड्या चढवाव्यात, तसा हा प्रकार. फायरफॉक्सचे गेको हे इंजिन, म्हणजे पान पडद्यावर उभे करणारा भाग, स्वतंत्र आहे आणि अ‍ॅपलच्या सफारीचे वेबकिटही. त्यामुळे विंडोज वापरणाऱ्यापुढे खरी निवड दोन इंजिनांतलीच असते. रिकामा ब्राउझर फारशी मेमरी घेत नाही. ती संपते उघडलेल्या पानांमुळे, त्यांतील जाहिरातींमुळे आणि न विचारता सुरू होणाऱ्या व्हिडिओंमुळे. म्हणून ब्राउझरच्या नावापेक्षा त्याच्या सेटिंग्जकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे.

पहिली पायरी: संगणकाची माहिती लिहून घ्यावी

चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिची आवृत्ती, ती ३२ बिट आहे की ६४ बिट, रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) किती आहे, आणि आत जुनी हार्ड डिस्क आहे की तिच्याहून वेगवान असलेली एसएसडी. विंडोज १० मध्ये स्टार्ट बटणावर उजवे क्लिक करून 'सिस्टीम' निवडल्यास पहिल्या तिन्ही गोष्टी एकाच पडद्यावर दिसतात. विंडोज ७ मध्ये 'कॉम्प्युटर' या चिन्हावर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडावे. मॅकवर डाव्या कोपऱ्यातील सफरचंदाच्या चिन्हाखाली 'अबाउट धिस मॅक' असते. डिस्कचा प्रकार विंडोज १० च्या अलीकडील आवृत्त्यांत टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' या भागात लिहिलेला असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो.

या माहितीतून काय अपेक्षा ठेवावी हेही ठरते. दोन जीबी रॅमवर एका वेळी एक-दोन पानांपलीकडे जाऊ नये. चार जीबीवर थोडी शिस्त पाळल्यास बँक, ईमेल, बातम्या आणि व्हिडिओ ही कामे होतात. आठ जीबी असूनही संगणक अडखळत असेल, तर ब्राउझर बदलून फारसे काही साधणार नाही. बहुधा अडचण हार्ड डिस्कची असते.

याच वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख आणि वेळही पाहून घ्यावी. ही सूचना किरकोळ वाटेल, पण जुन्या डेस्कटॉपबाबत ती फार कामाची आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी एक गोल बॅटरी असते, तिचा क्रमांक बहुधा सीआर २०३२ असतो. ती संपली की मुख्य वीज बंद होताच संगणक तारीख विसरतो आणि पुन्हा चालू केल्यावर कित्येक वर्षे मागे जातो. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला, म्हणजे त्याच्या डिजिटल ओळखपत्राला, आरंभाची आणि समाप्तीची तारीख असते. संगणकाच्या मते आज २०१२ साल असेल, तर ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही असा अर्थ ब्राउझर लावतो आणि 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा देऊन पान उघडायचे नाकारतो. अशा वेळी ब्राउझर कितीही वेळा काढून पुन्हा टाकला तरी उपयोग होत नाही. तारीख दुरुस्त करावी, ती रोज बिघडत असेल तर बॅटरी बदलावी. इशारा डावलून पुढे जाण्याची सवय मात्र लावून घेऊ नये.

दुसरी पायरी: कोणता ब्राउझर अजून अपडेट होतो

ब्राउझरमध्ये सुरक्षेच्या त्रुटी सतत सापडत असतात आणि त्या बुजवणारे अपडेट काही आठवड्यांच्या अंतराने येत राहतात. हे अपडेट बंद झाले की ब्राउझर चालतो, पाने उघडतात, परंतु जाहीर झालेल्या त्रुटी तशाच उघड्या राहतात. वरवर काहीच बिघडलेले दिसत नसल्यामुळे हा धोका लक्षात येत नाही.

विंडोज एक्सपी किंवा व्हिस्टा असलेल्या संगणकाबद्दल स्पष्टच सांगायला हवे. क्रोमची ४९ ही आणि फायरफॉक्सची ५२ ही या दोन्ही प्रणालींसाठीची शेवटची आवृत्ती होती. असा संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ टंकलेखनासाठी ठेवावा, नाहीतर त्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी. लिनक्सविषयी पुढे लिहिले आहे.

विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज ८.१ चे १० जानेवारी २०२३ रोजी थांबले. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या क्रोम ११० पासून विंडोज १० आवश्यक झाले. म्हणजे या दोन्ही प्रणालींवर क्रोम १०९ वर अडकून राहतो, आणि एजचेही तसेच आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने मात्र त्याच्या ११५ व्या आवृत्तीची 'एक्स्टेंडेड सपोर्ट रिलीज', म्हणजे ईएसआर, ही शाखा विंडोज ७, ८ आणि ८.१ साठी पुढे चालू ठेवली आणि तिची मुदत एकाहून अधिक वेळा वाढवली. ही मुदत कधीतरी संपणारच आहे, म्हणून ती मोझिलाच्या संकेतस्थळावर तपासूनच पुढे जावे. मात्र विंडोज ७ सोडणे तूर्त शक्य नसेल, तर विचार करण्याजोगा पर्याय हाच आहे. मेनूतील 'हेल्प' आणि त्याखालील 'अबाउट फायरफॉक्स' उघडून आवृत्तीचा क्रमांक ११५.१३ किंवा त्यापुढील आहे याची खात्री करावी, कारण त्याआधीच्या आवृत्त्यांतील एका मूळ प्रमाणपत्राची (ज्याच्या आधारावर इतर प्रमाणपत्रे तपासली जातात त्याची) मुदत १४ मार्च २०२५ रोजी संपली आणि त्यांतील एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या पुरवण्या, चालेनाशी झाली.

जुन्या प्रणालीवर फायरफॉक्स उपयोगी पडण्याचे आणखी एक कारण आहे. कोणत्या प्रमाणपत्र-संस्थांवर विश्वास ठेवायचा याची यादी तो स्वतःजवळ बाळगतो, विंडोजच्या यादीवर अवलंबून राहत नाही. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत प्रमाणपत्रे देणारी संस्था ज्याचा आधार घेत असे ते एक जुने मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झाले, तेव्हा अपडेट न झालेल्या कित्येक संगणकांवर आणि फोनवर चांगली चालणारी संकेतस्थळे अचानक उघडेनाशी झाली. अद्ययावत फायरफॉक्स असलेल्यांना ही अडचण आली नाही.

जुन्या विंडोजसाठी सुपरमियम नावाचा, क्रोमियमवर बेतलेला ब्राउझरही मिळतो, आणि पेल मून हा आपल्या वेगळ्या इंजिनासह बरीच वर्षे टिकून आहे. दोन्ही प्रामाणिक प्रयत्न आहेत. परंतु त्यांच्यामागे मोठ्या संस्थेचे मनुष्यबळ नाही, आणि पेल मूनमध्ये काही आधुनिक संकेतस्थळे नीट उघडत नाहीत. नवख्या वापरकर्त्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते. आणि ब्राउझर अद्ययावत असला तरी खालचे विंडोज जुनेच राहते, हे ध्यानात ठेवून विंडोज ७ वर बँकेचे व्यवहार करू नयेत. घरात बऱ्यापैकी नवा मोबाइल असेल तर ते काम त्यावरच करावे.

विंडोज १० ची स्थिती बरीच बरी आहे. त्याचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे. एजला विंडोज १० च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. त्यामुळे विंडोज १० वर ब्राउझर निवडताना आजही मोकळीक आहे; आधी वाढीव अपडेटची नोंदणी तेवढी करून घ्यावी.

मॅकविषयी थोडक्यात एवढेच, की सफारी मॅकओएसबरोबरच अपडेट होतो आणि मॅकओएस पुढे सरकेनासे झाले की तोही काही काळाने थांबतो. मॅकओएस १०.१२ ते १०.१४ वर वर सांगितलेली फायरफॉक्स ११५ ची शाखाच उपयोगी पडते.

तिसरी पायरी: उरलेल्यांतून एक निवडणे

विंडोज १० आणि चार जीबी रॅम असलेल्या संगणकासाठी माझी पसंती फायरफॉक्सला आहे, आणि तिचे कारण इंजिनाच्या वेगात नाही. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे मोफत एक्स्टेन्शन फायरफॉक्समध्ये आजही पूर्ण क्षमतेने चालते. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यावर तेथे त्याची 'लाइट' आवृत्तीच उरली. तीही उपयोगी आहे, पण तिची पकड कमी आहे. जाहिरातींनी भरलेले बातम्यांचे पान जुन्या प्रोसेसरवर उघडून पाहिले, की या एका फरकाचे मोल कळते.

काही संकेतस्थळे, विशेषतः कार्यालयीन कामाची, क्रोमियमवरच तपासलेली असतात आणि फायरफॉक्समध्ये एखादे बटण दाबले जात नाही किंवा अर्जाचा एखादा रकाना उघडत नाही. त्यासाठी वेगळा क्रोम टाकून डिस्कवरील जागा अडवण्याची गरज नाही, कारण विंडोज १० वर एज आधीपासूनच असतो. एखादे फार जुने संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोररच हवा म्हणून अडून बसले, तर एजच्या सेटिंग्जमध्ये 'इंटरनेट एक्स्प्लोरर मोड' आहे. मूळ एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला, तो कोठून तरी शोधून आणू नये.

वेगळे एक्स्टेन्शन बसवण्याचा खटाटोप नको असेल, तर ब्रेव्ह घ्यावा. त्यात जाहिराती अडवण्याची सोय अंगभूत आहे. त्यातील क्रिप्टो आणि बक्षिसांसंबंधीची बटणे मात्र पहिल्याच दिवशी सेटिंग्जमधून बंद करावीत. ऑपेरा आणि विवाल्डी यांत सोयी भरपूर आहेत, पण जुन्या संगणकाला त्यांतील बहुतेकांची गरज नसते.

ब्राउझर उतरवताना नेहमी त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवावा. शोधपानावर सर्वांत वर दिसणारा दुवा अनेकदा जाहिरात असतो, आणि 'अतिजलद', 'लाइट' किंवा 'टर्बो' अशी बिरुदे लावून मिळणाऱ्या अनोळखी ब्राउझरबरोबर नको ते टूलबारही येतात. ६४ बिट विंडोज असल्यास ६४ बिट आवृत्तीच घ्यावी.

चौथी पायरी: स्वतः मोजून पाहणे

दोन ब्राउझरांपैकी कोणता बरा, हे दुसऱ्याच्या संगणकावरील चाचणीवरून ठरवू नये. संगणक नव्याने चालू करावा, पाचेक मिनिटे स्थिर होऊ द्यावा, मग टास्क मॅनेजर उघडून 'मोअर डिटेल्स'वर टिचकी मारावी. आता आपल्या रोजच्या वापरातील चार पाने एकेक करून उघडावीत: समजा ईमेल, एक मराठी वृत्तपत्र, सातबारा पाहण्यासाठी महाभूलेख आणि एक व्हिडिओ. प्रत्येक पानानंतर 'मेमरी' आणि 'डिस्क' या स्तंभांच्या डोक्यावरील टक्केवारी पाहावी. मेमरी नव्वदच्या आसपास गेली आणि त्याच वेळी डिस्क शंभरवर जाऊन तेथेच राहिली, तर रॅम अपुरी पडून विंडोज हार्ड डिस्कचा मेमरीसारखा वापर करू लागले आहे असे समजावे; संगणक 'हँग' होतो तो बहुधा याच क्षणी. मेमरी शिल्लक असताना प्रोसेसरचा आकडा शंभरला भिडत असेल, तर पानातील व्हिडिओ किंवा जाहिराती त्याला झेपत नाहीत. हीच चार पाने दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्याच क्रमाने उघडून आकडे ताडून पाहावेत. फरक अगदी थोडा निघाला, तर हाताला सवयीचा असलेला ब्राउझर ठेवावा.

कोणते पान किती मेमरी खाते हे ब्राउझरच्या आतही पाहता येते. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींच्या मेनूत 'मोअर टूल्स'खाली त्यांचा स्वतःचा टास्क मॅनेजर असतो.

पाचवी पायरी: सेटिंग्ज

सर्वप्रथम जाहिराती अडवणारे एकच एक्स्टेन्शन ठेवावे आणि बाकीची, म्हणजे सवलतींची कूपने शोधणारी, हवामान सांगणारी, पडद्याची चित्रे घेणारी, काढून टाकावीत. प्रत्येक एक्स्टेन्शन मेमरीत आपली जागा धरून बसते, आणि एकाच कामाची दोन असली तर ती एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

त्यानंतर न पाहिलेले टॅब झोपवण्याची सोय चालू आहे का ते पाहावे. क्रोममध्ये ती 'परफॉर्मन्स' या भागात 'मेमरी सेव्हर' नावाने आहे, एजमध्ये 'स्लीपिंग टॅब्स' नावाने. विंडोजवर फायरफॉक्स मेमरी कमी पडू लागताच असे टॅब आपोआप उतरवतो. १४० व्या आवृत्तीपासून टॅबवर उजवे क्लिक करून ते हातानेही उतरवता येतात. क्रोम आणि एज खिडकी बंद केल्यावरही पार्श्वभूमीत चालू राहू शकतात. 'सिस्टीम' या भागातील ती परवानगी आणि एजमधील 'स्टार्टअप बूस्ट' या दोन्ही गोष्टी कमी रॅमच्या संगणकावर बंद ठेवाव्यात.

व्हिडिओचा विषय थोडा सविस्तर पाहायला हवा, कारण जुन्या लॅपटॉपबद्दलची निम्मी गाऱ्हाणी त्याबद्दलच असतात. यूट्यूब आपले व्हिडिओ शक्य तेथे व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींत पाठवते. त्यांना डेटा कमी लागतो, पण उलगडताना गणित जास्त करावे लागते. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांत व्हीपी९ साठी आणि अकराव्या पिढीपासूनच्यांत एव्ही१ साठी पूर्ण सोय चिपमध्येच आहे. त्याआधीच्या संगणकांत हे काम मुख्यतः प्रोसेसरवर पडते. मग पंखा फिरतो, चित्र अडखळते आणि आवाज पुढे निघून जातो. एच.२६४ ही जुनी पद्धत उलगडण्याची सोय मात्र २०११ च्या सुमाराच्या इंटेल चिपमध्येही आहे. 'एच२६४इफाय' (h264ify) किंवा त्याची सुधारित आवृत्ती हे छोटे एक्स्टेन्शन यूट्यूबकडून हीच पद्धत मागून घेते. या पद्धतीत यूट्यूब १०८० पिक्सेलपुढील दर्जा देत नाही, पण जुन्या लॅपटॉपचा पडदा त्याहून मोठा क्वचितच असतो. हे एक्स्टेन्शन टाकण्याआधी सेटिंग्जमधील 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन' (चित्राचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवण्याची सोय) चालू असल्याचे पाहावे. ते चालू केल्यावर पडदा काळा पडू लागला किंवा अक्षरे फाटू लागली, तर आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करावा आणि तरीही न सुधारल्यास ते बंद करावे.

मराठीची सोय

फायरफॉक्स, क्रोम आणि एज हे तिन्ही मराठी मेनूसह वापरता येतात. घरातील ज्येष्ठांना मेनू मराठीतून दिसल्यास सोपे जाते, हे खरे. मात्र अडचण आल्यावर फोनवरून मदत करणारा मुलगा किंवा भाची इंग्रजी मेनूची नावे सांगत असेल, तर गोंधळ वाढतो, म्हणून हा निर्णय मदत करणाऱ्याला विचारून घ्यावा. टंकलेखनासाठी विंडोज १० च्या २०१९ मधील मे अपडेटपासून मराठीचा फोनेटिक (इंग्रजी अक्षरांतील उच्चारानुसार टाइप करण्याचा) कीबोर्ड अंगभूत आहे. विंडोज ७ वर इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाणित कीबोर्ड मिळतो. लिनक्सवर जोडाक्षरे सुटी दिसत असतील किंवा अक्षरांऐवजी चौकोन येत असतील, तर ब्राउझरला दोष न देता नोटो किंवा लोहित हा देवनागरी फॉन्ट टाकावा.

जुन्या ब्राउझरमधून सामान हलवणे

नव्या ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'इम्पोर्ट' असा पर्याय असतो आणि त्याने बुकमार्क व पासवर्ड थेट उचलले जातात. तो न चालल्यास पासवर्ड फाइलमध्ये काढून घेता येतात. पण या फाइलमध्ये सर्व पासवर्ड उघड्या अक्षरांत लिहिलेले असतात, म्हणून काम होताच ती फाइल हटवावी आणि रिसायकल बिनही रिकामे करावे. आठवडाभर नवा ब्राउझर नीट चालला की तो मुख्य ब्राउझर म्हणून नेमावा आणि अपडेट न होणारा जुना काढून टाकावा, नाहीतर ईमेलमधील दुवा दाबला की तोच उघडत राहतो.

एवढे करूनही भागले नाही तर

हार्ड डिस्कच्या जागी साधी साटा एसएसडी बसवणे हा जुन्या संगणकावर करण्याजोगा सर्वांत फलदायी खर्च आहे. त्यानंतर रॅम चारवरून आठ जीबीवर नेणे. दोन्ही कामे कोणताही जाणकार दुरुस्तीवाला करून देतो, मात्र आपल्या लॅपटॉपची रॅम बदलता येण्याजोगी आहे का, हे आधी विचारावे, कारण काही मॉडेलांत ती बोर्डावरच जोडलेली असते.

विंडोज ७ किंवा त्याआधीच्या ६४ बिट संगणकावर लिनक्स टाकल्यास चालू आवृत्तीचा फायरफॉक्स वापरता येतो, आणि मग वर सांगितलेला अपडेटचा पेचच उरत नाही. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती दोन जीबी रॅमवर चालते, चार जीबीवर बरी चालते. ती पेन ड्राइव्हवर उतरवून, डिस्कवरील काहीही न पुसता, थेट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर चालतात की नाही हे तेव्हाच तपासावे. केवळ ब्राउझरच वापरायचा असेल, तर गूगलची क्रोमओएस फ्लेक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे, पण तिला चार जीबी रॅम लागते. ३२ बिट संगणकांची वाट मात्र आता अरुंद होत चालली आहे: क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडले, फायरफॉक्सनेही १४४ व्या आवृत्तीनंतर सोडले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या प्रकारात ३२ बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर नाही. असा संगणक इंटरनेटसाठी राखण्यावर यापुढे पैसे घालू नयेत.

निवड झाल्यावर महिन्यातून एकदा मेनूतील 'अबाउट' उघडावे. तेथे ब्राउझर अद्ययावत असल्याचे दिसले तर काही करायचे नाही. 'या प्रणालीवर पुढील अपडेट मिळणार नाहीत' अशा आशयाचा मजकूर दिसला, तर दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी.